जैसलमेरच्या मरु उद्यानात मुक्काम कुठे करावा: सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी

नान्नजच्या माळावर माळढोक आता क्वचितच दिसतो, म्हणून सोलापूर-बार्शीकडची पक्षी बघणारी मंडळी थेट जैसलमेर गाठतात. जगात उरलेले माळढोक दीडशेच्या आत आहेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. बेत मात्र उलट्या क्रमाने होतो. आधी रेल्वेचं तिकीट, मग गाडी, आणि मुक्कामाचं शेवटी मोबाइलवर जो तंबू झकास दिसेल तो. या सहलीत मुक्कामाची जागा आधी ठरवायला हवी, कारण उद्यानात काय दिसणार हे त्या जागेवरच ठरतं.

मरु उद्यान ताडोब्यासारखं नाही. १९८० मध्ये जाहीर झालेलं हे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे, जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. आत गावं आहेत, शेतं आहेत, शेळ्या-मेंढ्यांचे कळप आहेत. वाळूच्या टेकड्या, तिकडे ज्यांना धोरे म्हणतात, त्या एकूण क्षेत्राच्या साधारण पाचव्या हिश्श्यात. बाकी सगळा खडकाळ माळ, गवत आणि खुरटी झुडपं. माळढोक धोऱ्यांवर राहत नाही, गवताळ माळावर राहतो, हे नान्नज पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. पण जाहिरातीतले सगळे तंबू धोऱ्यांच्या पायथ्याशी असतात आणि चुकायला सुरुवात तिथूनच होते.

पक्ष्यांसाठी महत्त्वाची जागा म्हणजे सुदासरी. जैसलमेर शहरापासून साधारण ६० किलोमीटर. कुंपण घालून राखलेलं गवत तिथे आहे. माळढोक, चिंकारा, खोकड, गिधाडं आणि हिवाळी पाहुणे गरुड दिसण्याची शक्यता तिथेच जास्त. म्हणून कुठल्याही मुक्कामाला पहिला प्रश्न हा लावायचा: इथून पहाटे निघालो तर सूर्य उगवताना सुदासरीला पोहोचू का?

हे गणित सोलापूरच्या घड्याळावर करू नका. जैसलमेर आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला आहे. जानेवारीत सोलापुरात सात वाजता सूर्य दिसतो, तिथे साडेसातच्या सुमारास. पक्षी हालचाल करतात ते पहिले दोन-अडीच तास. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरायला लागते आणि दुर्बिणीतून दूरचा पक्षी नुसता हलता ठिपका होतो. शहरातून निघालात तर सव्वाएक तास रस्त्यात जातो, म्हणजे सहाला गाडी सुटली पाहिजे. सम किंवा खुरीहून अर्धा-पाऊण तास पुरतो. सुदासरीत राहिलात तर दार उघडलं की समोर माळ.

चार जागा आणि प्रत्येकीची खरी किंमत

सुदासरीच्या वनखात्याच्या झोपड्या. पक्ष्यांसाठीच जाणाऱ्याने पहिला फोन इथल्यासाठी करावा. झोपड्या मोजक्या आणि अगदी साध्या आहेत. आरक्षण जैसलमेरच्या वनखात्याच्या कार्यालयातून होतं, हॉटेलांच्या अॅपवर शोधू नका. उद्यानात जायची परवानगीही तिथूनच घ्यायची असते, त्यामुळे दोन्ही कामं एकाच फोनमध्ये विचारून घ्या: झोपडी चालू आहे का, जेवण मिळतं की शिधा आपण न्यायचा, अंथरूण-पांघरूण काय आहे, वाटाड्या आणि गाडी कोण देणार. शिधा न्यायचा असेल तर सगळा जैसलमेरमध्येच भरा. पुढे दुकान सापडेलच या भरवशावर निघू नका. ज्यांना रात्री दोनदा बाथरूमला उठावं लागतं किंवा ज्यांच्यासोबत लहान मूल आहे, त्यांनी हा पर्याय सोडलेला बरा.

खुरी. शहरापासून नैर्ऋत्येला ५० किलोमीटरच्या आतबाहेर असलेलं गाव. इथेही धोरे आहेत, पण समपेक्षा गर्दी कमी, आणि घरगुती मुक्काम मिळतात. मातीच्या भिंतींच्या, शेणाने सारवलेल्या, गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, अंगणात चूल. बहुतेकांसाठी आम्ही हीच जागा सुचवतो, आणि ती दिसायला छान म्हणून नव्हे. जाड मातीची भिंत दिवसभराचं ऊन पोटात साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. कापडी तंबू अंधार पडल्यावर तासाभरात बाहेरच्याइतका गार होतो. शिवाय गावात राहिलं की पहाटे पाचला चहा मिळतो, कारण घरचे उठलेलेच असतात. मोठ्या कॅम्पात स्वयंपाकी रात्री उशिरापर्यंत राबलेला असतो, आणि आठच्या आधी तिथे कुणी स्टोव्ह पेटवत नाही.

खुरीतही फसायला होतं. गावाच्या नावावर रस्त्याकडेला उभे राहिलेले तंबू-कॅम्प आता बरेच आहेत आणि ऑनलाइन त्यांचं नाव 'होमस्टे' असंच असतं. त्या आवारात घर आहे का, घरची माणसं तिथेच राहतात का, एवढं विचारलं की उलगडा होतो.

सम. शहरापासून पश्चिमेला ४० किलोमीटरच्या थोडं पुढे. जैसलमेरचं वाळवंट म्हणून जे फोटो आपण पाहतो ते बहुतेक इथले. धोऱ्यांच्या आधी, कनोई गावापासूनच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॅम्प सुरू होतात. संध्याकाळी उंटावर फेरी, जीप धोऱ्यावरून उडवणं, मग गोल मांडलेल्या गाद्यांवर बसून लंगा-मांगणियार कलाकारांचं गाणं, कालबेलिया नाच आणि जेवण. घरची दहा-बारा मंडळी, पोरंटोरं, आजी-आजोबा असतील तर इथली एक रात्र मजेची जाते, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. कलाकार खरोखर तयारीचे असतात. त्रास होतो तो कार्यक्रमानंतर. बऱ्याच कॅम्पांत लोकसंगीत आटोपलं की डीजे लागतो, आणि तुमच्या कॅम्पात नसला तरी शेजारच्याचा ऐकू येतोच, कारण मोकळ्या वाळवंटात आवाज अडवायला काही नाही. जनरेटर, दिव्यांच्या माळा, सकाळी मोटारसायकली. तारे पाहायचे असतील किंवा पहाटे निघायचं असेल तर सम नको.

समचा कॅम्प निवडताना आणखी एक गोष्ट बघावी, जी सहसा कुणी विचारत नाही: उष्टं-खरकटं कुठे जातं. उघड्यावर टाकलेल्या अन्नावर भटकी कुत्री वाढतात आणि हीच कुत्री माळढोकाच्या अंड्या-पिल्लांच्या मुळावर येतात. माळढोकाची मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ज्याला पाहायला दीड हजार किलोमीटर आलो, त्याच्या शत्रूला आपल्याच ताटातलं खाऊ घालायचं का, हा प्रश्न कॅम्पवाल्याला सरळ विचारायला हरकत नाही.

जैसलमेर शहर. पाय दुखणारे, दम्याचे, रोज इन्सुलिन घेणारे सोबत असतील तर शहरच धरा. जिल्हा रुग्णालय, औषधांची दुकानं, एटीएम सगळं हाताशी. फक्त किल्ल्याच्या आतलं हॉटेल टाळा. ११५६ सालचा हा किल्ला आजही नांदता आहे आणि आतल्या वाढत्या पाणीवापरामुळे सांडपाणी मुरून त्याचा पाया खचतोय, हे अनेक वर्षांचं दुखणं आहे. किल्ल्याखालच्या गच्चीवरून किल्ला जास्त चांगला दिसतो, आणि आतल्या अरुंद चढावरून बॅगा ओढायचा त्रासही वाचतो.

थंडीचा अंदाज आपला हमखास चुकतो

एप्रिल-मेमध्ये ४२ अंश अंगावर काढणारा सोलापूरकर वाळवंट म्हटल्यावर उन्हाची तयारी करतो. टोपी, गॉगल, ताकाची पाकिटं, आणि स्वेटर एक, तोही पातळ. डिसेंबर-जानेवारीत दुपारी २४-२५ अंशांत छान फिरता येतं, पण रात्री उघड्या माळावर पारा पाच अंशांच्या आसपास येतो, कधी त्याखालीही. हवेत ओल नाही, आकाशात ढग नाही, त्यामुळे जमिनीची सगळी ऊब वर निघून जाते. गार हवा जड असल्याने उतारावरून खाली सरकते आणि दोन धोऱ्यांमधल्या खोलगट जागेत साचते. म्हणून दोन धोऱ्यांच्या कुशीतला तंबू फोटोत सगळ्यात देखणा आणि रात्री सगळ्यात गार. थोड्या उंचवट्यावरचा, मागे भिंत किंवा झुडपांची ओळ असलेला तंबू मागून घ्या.

तंबू ताब्यात घेताना अंधार पडायच्या आत पाच मिनिटं देऊन हे पाहा. कापड दुहेरी आहे का: बाहेरच्या कापडाला बोट लावून दाबलं तर आतल्या अस्तरापर्यंत पोकळी जाणवली पाहिजे. एकेरी कापडाच्या तंबूत पहाटे आपल्याच श्वासाचे थेंब अंथरुणावर पडतात. मग खाली वाका आणि कापडाची कड जमिनीला कुठे टेकते ते बघा. चांगल्या तंबूत ती कड आत वळवून तिच्यावर वाळूची लांब पिशवी किंवा विटांची ओळ ठेवलेली असते. हलक्या तंबूत तिथे चार बोटांची फट असते, आणि रात्रभर वारा नेमका त्याच उंचीवरून, पलंगाखालून येतो. फट असेल तर पिशवी लगेच मागा, नाहीतर आपल्या बॅगा तिथे लावा. दाराची चेन खालपर्यंत बंद होते का, एकदा लावून बघा. फुरसं तिकडेही आहे. थंडीत ते फारसं बाहेर पडत नाही, पण फेब्रुवारीच्या शेवटापासून सवय असलेली बरी: चेन लावलेली, बूट झटकून घालायचे, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही.

रजाया माणशी दोन मागा, आणि त्या रात्री नऊला नव्हे, आल्या आल्या. कॅम्प भरलेला असेल तर उशिरा मागणाऱ्याला मिळत नाहीत. रजईची खोळ रोज धुतली जात नाही, पाणी टँकरचं असताना ते होणारही नाही. आपली सोलापुरी चादर इथे कामाला येते: ती एकटी पाच अंशांना पुरायची नाही, पण रजईच्या आतून अंगाभोवती घेतली की स्वच्छताही झाली आणि उबेचा एक थरही वाढला. माणशी एक चादर बॅगेत असू द्या. कानटोपी आणि लोकरी मोजे घालूनच झोपा. शेगडी पेटवून आत ठेवतो असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. बंद तंबूत कोळशाचा विषारी वायू, धूर दिसत नसला तरी, जिवावर बेततो.

फोनवर काय विचारायचं

फोटो बघून काही कळत नाही, ते उन्हात आणि पहिल्या वर्षी काढलेले असतात. मालकाशी फोनवर हिंदीत बोला आणि त्याला व्हॉट्सअॅपवर जागेचं लोकेशन पाठवायला सांगा. नकाशावर तिथून सुदासरीपर्यंत आणि धोऱ्यांपर्यंत अंतर स्वतः मोजा. 'सम सँड ड्यून्स' असा पत्ता लावणारे काही कॅम्प धोऱ्यांपासून आठ-दहा किलोमीटर अलीकडे असतात. लोकेशन पाठवायला टाळाटाळ झाली की तो पर्याय तिथेच सोडा.

मग पाण्याचं. गरम पाणी नळाला येतं की बादलीने, आणि कुठल्या वेळेत? 'चोवीस तास' या उत्तरावर विश्वास ठेवू नका. सोलरचं पाणी संध्याकाळी गरम, पहाटे कोमट असतं. पहाटे निघणाऱ्याने आंघोळ संध्याकाळीच उरकावी. विहिरीचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं, साबणाला फेस येत नाही. पिण्यासाठी वीस लिटरचा जार आहे का ते विचारा, नाहीतर बाटल्या विकत घेण्यातच पैसे जातात.

विजेचं असंच. जनरेटर किती वाजता बंद होतो? कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, मोबाइल, कुणाचं रात्री लावायचं श्वासाचं यंत्र असेल तर हा प्रश्न आधी. रेंजचा भरवसा सुदासरीकडे धरू नका, ऑफलाइन नकाशा आणि रोख पैसे जैसलमेरमध्येच घेऊन ठेवा. यूपीआयला नेट लागतं, हे बिलाच्या वेळी आठवून उपयोग नाही.

जेवणात बाजरीची भाकरी, केर-सांगरी, गट्ट्याची भाजी, कढी मिळते, आणि ते ताजं असेल तर उत्तमच असतं. पण पहाटे सहाला नाश्ता होत नाही. 'पॅक करून द्याल का' असं विचारलं की बहुधा गार पुरी-भाजी मिळते. इथे आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी कुठल्याही पॅक नाश्त्याला भारी पडते, आणि कोरड्या हवेत ती नरमही पडत नाही.

शेवटी हे नक्की विचारा: रात्री गाणंबजावणं किती वाजता थांबतं? दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने मनाईच आहे, पण उत्तराचा सूर ऐकला की कळतं. 'साहेब, तुम्ही म्हणाल तोपर्यंत' असं आलं तर ते इतर पाहुण्यांनाही तेच सांगत असणार.

पैसे आणि तारखा

भाव सांगताना काही जण माणशी सांगतात, काही तंबूमागे. त्यात रात्रीचं जेवण, नाश्ता, उंटाची फेरी, कार्यक्रम काय काय धरलंय ते व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. जीप सफारी म्हणजे बहुधा धोऱ्यांवरच्या उड्या, सुदासरीची फेरी नव्हे. दोन्हींचे पैसे वेगळे आणि गाड्याही वेगळ्या. उद्यानासाठी वाटाड्या पक्षी ओळखणारा हवा, ड्रायव्हरच वाटाड्या असेल तर त्याला पखुर्डी आणि धाविक कुठे दिसतात एवढं विचारून बघा. इसार थोडाच द्या, आणि रद्द केल्यास किती परत हे ठरवून.

जैसलमेर स्टेशनवर अगदी नाममात्र भावात खोली देतो म्हणणारे लोक भेटतात. खोली खरंच मिळते, पण त्यांच्याकडूनच उंटाची सफारी घेतली नाही तर दुसऱ्या दिवशी खोली 'आधीच बुक' निघते. पहिल्या रात्रीची खोली आधी ठरवून, मालकाचं नाव-नंबर हातात ठेवून उतरा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यात दिवाळीची सुट्टी टाळा: गुजरातेतून प्रचंड गर्दी येते आणि भाव चढतात. नाताळ ते नववर्षाचा आठवडाही नको. माघ पौर्णिमेच्या सुमारास मरु महोत्सव असतो, तेव्हा उत्सव पाहायचा तर जा, पक्षी पाहायचे तर नको. आपल्यासाठी सोयीचा काळ म्हणजे सिद्धेश्वर यात्रा उरकल्यानंतरचे दिवस, फक्त २६ जानेवारीला लागून सुट्ट्या आल्या तर ते दोन-तीन दिवस वगळून. थंडी तेव्हा असते, पण कॅम्प रिकामे, मालक बोलायला मोकळा, आणि भावही खाली येतो. अमावास्येच्या जवळची तारीख मिळाली तर तारे फुकटात. मार्चपासून धूळवादळं सुरू होतात, तेव्हा तंबू नकोच, पक्क्या भिंतीची खोली घ्या.

रात्रींची वाटणी

निदान दोन सकाळी उद्यानात मिळाल्या पाहिजेत. एका सकाळी वारं, धुकं किंवा नुसतं नशीब आडवं आलं तर सगळा खर्च वाया जातो. म्हणून एकूण तीन रात्री धरा: पहिली शहरात, पुढच्या दोन खुरीत किंवा सुदासरीत. घरच्यांना धोरे-नाच हवाच असेल तर चौथी समला, शेवटची म्हणून. आधी सम घेतलं तर झोप उडालेल्या डोळ्यांनी पहाटे माळावर जावं लागतं.

पहिली रात्र शहरात का? सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी मुंबई, दादरला उतरून वांद्रे, आणि वांद्रे टर्मिनसहून जैसलमेरची गाडी. ती रोज नसते, म्हणून वेळापत्रक बघूनच मुक्कामाच्या तारखा पक्क्या करा. किंवा मुंबईहून विमानाने जोधपूर आणि पुढे साधारण २८० किलोमीटर रस्ता, पाच-सहा तास. दोन्हीकडून माणूस शिणून पोहोचतो. त्यात अंधारानंतर खुरीकडचा रस्ता म्हणजे दिवे नाहीत आणि डांबरावर गायी, उंट बसलेले. शहरात झोपा, सकाळी वनखात्याच्या कार्यालयातून परवानगी घ्या, पेट्रोल-डिझेलची टाकी भरा, रोकड काढा आणि दुपारच्या जेवणाला खुरी गाठा. म्हणजे तंबू किंवा झोपडी उजेडात पाहून होते.

आणि जागा पसंत पडली नाही तर? चारच्या आत ठरवा. त्यासाठी दुसऱ्या एका मुक्कामाच्या मालकाशी आधीच बोलून ठेवा, इसार न देता, 'आज संध्याकाळी कदाचित येऊ' एवढंच. गाडीने सोडायला आलेल्या ड्रायव्हरला खोली, पांघरूण, बाथरूम पाहून होईपर्यंत जाऊ देऊ नका. तो एकदा धुरळा उडवत परत फिरला की रात्री तिथून हलायला दुसरी गाडी मिळत नाही, आणि मालकालाही हे तुमच्याइतकंच ठाऊक असतं.